विश्लेषण : फिरत्या वस्तूत ऊर्जा किती? हे गणित मांडणारे लिओनार्ड ऑयलर कोण होते?

छताचा पंखा, पिठाचे जाते, भोवरा, वीज केंद्रातील टर्बाइन आणि आपली पृथ्वी यांच्यात एक साम्य आहे. ही सगळी स्वतःभोवती फिरतात आणि त्या फिरण्यात ऊर्जा साठलेली असते. ती किती, हे काढायचे सूत्र आज बारावीचा विद्यार्थी अर्ध्या मिनिटात वापरतो. पण त्यामागचा विचार पूर्ण व्हायला मोठा काळ गेला. त्यातले सर्वात मोठे काम एका स्विस गणितज्ञाने केले. १७३६ मध्ये त्याने जो आराखडा जाहीर केला, त्यातला फिरत्या वस्तूंचा भाग ग्रंथरूपाने यायला १७६५ उजाडले. तोवर त्याचा एक डोळा निकामी झाला होता आणि दुसराही साथ सोडण्याच्या बेतात होता. लिओनार्ड ऑयलर यांचे आयुष्य आणि त्यांनी सोडवलेला हा प्रश्न समजून घेऊ.

वस्तू जागेवरच आहे, मग ऊर्जा कुठून आली?

रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीची गतिज ऊर्जा काढणे सोपे आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. मोटारीचा प्रत्येक भाग त्याच वेगाने पुढे जात असल्याने एकच वेग घेतला की काम भागते. चाकांचे फिरणे तेवढे वेगळे धरावे लागते.

पंख्याचे तसे नाही. पंखा छताला टांगलेला आहे, तो पुढे-मागे कुठेच जात नाही. त्याच्या मध्यबिंदूचा वेग शून्य. मोटारीचे सूत्र तसेच लावले तर ऊर्जाही शून्य येईल. पण चालत्या पंख्याच्या पात्यात काठी घातली तर ती उडून जाते. म्हणजे ऊर्जा आहेच.

अडचण अशी की पंख्याला एक वेग नसतो. पात्याचे टोक सर्वात वेगाने जाते, मधला भाग त्याहून सावकाश आणि दांड्याजवळचा भाग अगदीच हळू. एकाच वस्तूत असंख्य वेग एकाच वेळी असतात. प्रत्येक कणाचा वेग वेगळा धरून ऊर्जा काढायची आणि सगळ्यांची बेरीज करायची, तर हिशेब कधी संपायचा? याच प्रश्नाचे व्यवस्थित उत्तर अठराव्या शतकापर्यंत नव्हते.

पाद्र्याचा मुलगा गणिताकडे कसा वळला?

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे झाला. वडील पाउल हे पाद्री. बालपण शहराजवळच्या रिहेन गावात गेले. मुलानेही धर्मशास्त्र शिकून आपल्यासारखे पाद्री व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मात्र वडिलांना स्वतःलाही गणिताची गोडी होती. त्यांनी याकोब बर्नुली यांची व्याख्याने ऐकली होती.

वयाच्या १३ व्या वर्षी ऑयलर बासेल विद्यापीठात दाखल झाले. तिथे याकोब यांचे धाकटे भाऊ योहान बर्नुली शिकवत होते. ते त्या काळातील युरोपातील आघाडीचे गणितज्ञ. या मुलाला खासगी शिकवणी द्यायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी वेगळी तोड काढली. कठीण पुस्तके नेमून दिली आणि ती स्वतःच वाचायला सांगितली. जिथे अडेल तेवढे शनिवारी दुपारी येऊन विचारायचे. कमीत कमी प्रश्न घेऊन जावे लागावे म्हणून ऑयलर आठवडाभर एकेका पानाशी झुंजत. पुढे आयुष्यभर टिकलेली त्यांची कामाची सवय इथेच लागली. या मुलाचे खरे क्षेत्र गणित आहे, हे अखेर बर्नुली यांनीच वडिलांना पटवून दिले.

१७२७ मध्ये बासेलमधील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला. तेव्हा ते २० वर्षांचेही नव्हते. पद मिळाले नाही. दरम्यान रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या नव्या विज्ञान अकादमीतून बोलावणे आले होते. योहान यांचा मुलगा डॅनियल बर्नुली तिथे आधीच पोहोचला होता. ऑयलर निघाले आणि मे १७२७ मध्ये तिथे दाखल झाले. जन्मगावी ते पुन्हा कधीच राहायला गेले नाहीत.

ऑयलर यांच्याआधी काय माहीत होते?

फिरत्या वस्तूंचा हिशेब याआधी कुणी केलाच नव्हता, असे नाही. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोऱ्याला टांगलेल्या छोट्या गोळ्याचे झोके मोजणे सोपे असते. पण आख्खी सळईच लंबक म्हणून झुलत असेल, तर तिचा प्रत्येक भाग वेगवेगळ्या अंतरावर असतो. हायगेन्स यांनी प्रत्येक भागाचे वस्तुमान आणि त्याच्या अंतराचा वर्ग यांचा गुणाकार करून बेरीज घेतली. उत्तर अचूक आले. पण त्या बेरजेला त्यांनी वेगळे नाव दिले नाही आणि ती लंबकाच्या प्रश्नापुरतीच राहिली.

दुसरीकडे जर्मनीतील लायब्निझ यांनी वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराला जिवंत बल मानले होते. गतिज ऊर्जेची ही सुरुवातीची कल्पना. ऊर्जा हा शब्द आजच्या अर्थाने १८०७ च्या सुमारास थॉमस यंग यांनी वापरला आणि सूत्रातला निम्म्याचा भाग १८२९ मध्ये कोरिऑलिस यांच्या लेखनातून रूढ झाला. म्हणजे ऑयलर यांच्या काळात आजचे सूत्र आजच्या शब्दांत नव्हते. ते तयार व्हायला लागणारा सर्वात महत्त्वाचा तुकडा मात्र त्यांनी घडवला.

१७३६ मध्ये कोणता आराखडा मांडला?

पीटर्सबर्गमध्ये ऑयलर झपाट्याने वर चढले. १७३३ मध्ये डॅनियल बर्नुली मायदेशी परतल्यावर गणित विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. १७३४ मध्ये चित्रकाराची मुलगी कातारीना ग्झेल हिच्याशी विवाह झाला. त्यांना १३ अपत्ये झाली. त्यांतली पाचच बालपण ओलांडून जगली.

१७३६ मध्ये त्यांचा यामिकशास्त्रावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. त्यात त्यांनी पुढच्या कामाची यादीच जाहीर केली. आधी एका बिंदूएवढ्या वस्तूची गती, मग न वाकणाऱ्या घन वस्तूंची, मग लवचीक वस्तूंची आणि शेवटी द्रवांची. पहिला टप्पा त्याच ग्रंथात पुरा झाला. दुसरा टप्पा म्हणजे घन वस्तू. आणि घन वस्तू म्हटले की फिरणे आलेच.

याच काळात प्रकृतीने दगा दिला. १७३५ मध्ये तापाने ते मरणाच्या दारात पोहोचले. १७३८ पर्यंत उजव्या डोळ्याची दृष्टी जवळपास गेली. नकाशे काढण्याच्या बारीक कामाने डोळा गेला, असे त्यांना स्वतःला वाटत होते. त्याच १७३८ मध्ये भारताशी संबंधित त्यांचे एक छोटे टिपणही छापले गेले. भारतीय पंचांगातील सौर वर्षाचा हिशेब हा त्याचा विषय. एक डोळा अधू झाला तरी लेखनाचा वेग कमी झाला नव्हता.

जहाज आणि पृथ्वी यांनी प्रश्न कसा सोडवायला लावला?

१७४० मध्ये सम्राज्ञी ॲना यांचे निधन झाले आणि रशियातील वातावरण बिघडले. पुढच्याच वर्षी प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या निमंत्रणावरून ऑयलर बर्लिनला गेले. तिथे त्यांनी २५ वर्षे काढली.

फिरण्याच्या प्रश्नाला दोन बाजूंनी धक्का मिळाला. पहिला जहाजांचा. पीटर्सबर्ग अकादमीसाठी त्यांनी जहाजांवर मोठा ग्रंथ लिहिला होता, तो १७४९ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटांवरचे जहाज पुढे जाते आणि त्याच वेळी डावीकडे-उजवीकडे कलते, नाक वर-खाली करते. ऑयलर यांनी हा गुंता दोन भागांत तोडला. जहाजाच्या गुरुत्वमध्याचा प्रवास वेगळा आणि त्या मध्याभोवतीचे फिरणे वेगळे. ऊर्जेचा हिशेब आजही असाच दोन भागांत करतात.

दुसरा धक्का आकाशातून आला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथपणे डोलतो, हे प्राचीन काळापासून माहीत होते. १७४८ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडली यांनी त्या डोलण्यात आणखी एक बारीक थरथर असल्याचे जाहीर केले. १७४९ मध्ये फ्रान्सचे दालांबेर यांनी त्याचे गणित मांडले. ऑयलर यांनाही हा प्रश्न सुटायला हवा होता. पण त्यांना केवळ पृथ्वीपुरते उत्तर नको होते, कोणत्याही वस्तूला लागू पडेल असे हवे होते.

१७५० मध्ये त्यांनी बर्लिन अकादमीपुढे निबंध वाचला. न्यूटनचा नियम वस्तूच्या प्रत्येक सूक्ष्म कणाला, तीन परस्परलंब दिशांत वेगवेगळा लावायचा आणि मग बेरीज करायची, हे त्याचे सार. बेरीज केली की वस्तूच्या आकाराशी संबंधित काही ठरावीक संख्या उरतात. फिरणे कितीही गुंतागुंतीचे असो, वस्तूबद्दल जे जाणून घ्यायचे ते या संख्यांत सामावलेले असते.

जडत्व आघूर्ण म्हणजे नेमके काय?

याच संख्येला ऑयलर यांनी नाव दिले. मराठीत तिला जडत्व आघूर्ण म्हणतात. मोमेंट ऑफ इनर्शिया हे तिचे इंग्रजी नाव अनेकांनी कॉलेजात ऐकलेले असते. नाव जड असले तरी कल्पना साधी आहे.

पंखा फिरताना त्याच्या प्रत्येक कणाचा वेग वेगळा असतो, हे आपण पाहिले. पण एक गोष्ट सर्व कणांसाठी सारखी असते. एका सेकंदात टोक जेवढ्या कोनातून वळते, तेवढ्याच कोनातून दांड्याजवळचा कणही वळतो. याला कोनीय वेग म्हणतात. कोणत्याही कणाचा प्रत्यक्ष वेग म्हणजे त्याचे अक्षापासूनचे अंतर गुणिले हा कोनीय वेग.

आता ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. म्हणजे अंतराचा वर्ग गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. कोनीय वेग सगळ्यांचा एकच असल्याने तो बेरजेबाहेर काढता येतो. आत उरते ती प्रत्येक कणाचे वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, यांची बेरीज. तेच जडत्व आघूर्ण. असंख्य वेगांचा पसारा एका संख्येत मावला. फिरण्याची गतिज ऊर्जा झाली :

१/२ × जडत्व आघूर्ण × कोनीय वेगाचा वर्ग.

सरळ जाणाऱ्या वस्तूत जे काम वस्तुमान करते, तेच फिरणाऱ्या वस्तूत जडत्व आघूर्ण करते. फरक इतकाच की वस्तुमान किती आहे यासोबत ते अक्षापासून किती दूर आहे, हेही मोजले जाते. तेही अंतराच्या वर्गाने. एक मीटर लांबीच्या हलक्या काठीच्या दोन टोकांना एक-एक किलोची वजने बांधून ती मध्यावर फिरवली, तर जडत्व आघूर्ण अर्धा किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. तीच वजने मध्याकडे निम्म्या अंतरावर सरकवली तर ते एक-चतुर्थांश होते. वजन तेच, काठी तीच, पण त्याच गतीने फिरवायला चौथाईच ऊर्जा लागते.

कुंभाराच्या पारंपरिक चाकाचा घेर मोठा आणि कडा जड असते ती याचसाठी. काठीने एकदा जोरात फिरवले की मडके घडेपर्यंत ते फिरत राहते.

गणित कसे करायचे?

तीन पायऱ्या लक्षात ठेवल्या की पुरे.

पहिली पायरी, आकारानुसार जडत्व आघूर्ण काढा. १७६५ च्या ग्रंथात ऑयलर यांनी निरनिराळ्या आकारांसाठी हे हिशेब करून दाखवले. नेहमी लागणारे असे :

- पातळ कडे किंवा बांगडी, मध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती : वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग
- भरीव तबकडी : १/२ × वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग
- भरीव गोल : २/५ × वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग
- सरळ दांडी, मध्याभोवती : १/१२ × वस्तुमान × लांबीचा वर्ग
- तीच दांडी, टोकाभोवती : १/३ × वस्तुमान × लांबीचा वर्ग

दुसरी पायरी, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे कोनीय वेगात रूपांतर करा. फेऱ्यांना ६० ने भागा आणि ६.२८ ने गुणा. एका पूर्ण फेरीत ६.२८ रेडियन असतात, म्हणून हा गुणाकार.

तिसरी पायरी, सूत्रात आकडे घाला. वस्तुमान किलोत आणि अंतर मीटरमध्ये असेल तर उत्तर ज्यूलमध्ये येते.

उदाहरण पहिले, जाते. समजा वरची तळी १० किलोची, त्रिज्या २० सेंटीमीटर म्हणजे ०.२ मीटर. तबकडी मानली तर जडत्व आघूर्ण १/२ × १० × ०.०४ = ०.२. मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे कोनीय वेग ६.२८ आणि त्याचा वर्ग सुमारे ३९.५. ऊर्जा १/२ × ०.२ × ३९.५, म्हणजे जवळपास ४ ज्यूल. एक किलोची पिशवी ४० सेंटीमीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते.

उदाहरण दुसरे, पंखा. तीन पाती, प्रत्येकी ४०० ग्रॅमचे आणि अक्षापासून ०.६ मीटर लांब मानू. मधल्या मोटारीचा भाग सोडून देऊ. टोकाभोवती फिरणाऱ्या दांडीचे सूत्र लावले तर ३ × १/३ × ०.४ × ०.३६ = ०.१४४. मिनिटाला ३०० फेऱ्या म्हणजे कोनीय वेग ३१.४ आणि त्याचा वर्ग सुमारे ९८७. ऊर्जा सुमारे ७१ ज्यूल. बटण बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो तो याच साठ्यावर. हवा आणि बेअरिंगचे घर्षण तो हळूहळू खाऊन टाकतात.

उदाहरण तिसरे, यंत्रांतले जड चाक म्हणजे फ्लायव्हील. १०० किलोची भरीव तबकडी, त्रिज्या अर्धा मीटर, मिनिटाला ३,००० फेऱ्या. जडत्व आघूर्ण १२.५, कोनीय वेग ३१४. ऊर्जा सुमारे ६ लाख १६ हजार ज्यूल. विजेच्या भाषेत युनिटचा साधारण सहावा भाग. फेऱ्या दुप्पट केल्या तर ऊर्जा चौपट होईल. तेच १०० किलो कडेला कड्यासारखे पसरले तर वेग न वाढवताही ऊर्जा दुप्पट होईल.

परीक्षेत आणि कारखान्यात होणाऱ्या चुका बहुधा तीनच असतात. फेऱ्यांचा आकडा रूपांतर न करता तसाच घालणे, त्रिज्येऐवजी व्यास घेणे आणि अक्ष कोणता हे न पाहता सूत्र उचलणे. दांडी मध्याऐवजी टोकाभोवती फिरवली तर जडत्व आघूर्ण चौपट होते, हे वरच्या यादीतूनच दिसते.

उतारावर आधी कोण पोहोचेल?

हे घरी करून पाहता येते. कॅरम बोर्ड उलटा करून त्याची पाठ थोडी तिरपी धरा. काठावर उभा केलेला स्ट्रायकर, काचेची गोटी आणि जाड बांगडी एकाच वेळी सोडा. गोटी पहिली येईल, स्ट्रायकर दुसरा आणि बांगडी शेवटची. कोण जड आणि कोण मोठे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

कारण ऊर्जेच्या वाटणीत आहे. घरंगळणाऱ्या वस्तूची ऊर्जा दोन ठिकाणी जाते, पुढे सरकण्यात आणि फिरण्यात. बांगडीचे सगळे वस्तुमान कडेला असल्याने तिची निम्मी ऊर्जा फिरण्यातच खर्ची पडते. स्ट्रायकरची एक-तृतीयांश आणि गोटीची दोन-सप्तमांश म्हणजे सुमारे २९ टक्के. ज्याचा फिरण्यावरचा खर्च कमी, त्याच्याकडे पुढे जाण्यासाठी जास्त उरते. गुरुत्वमध्याची गती आणि त्याभोवतीचे फिरणे वेगळे करण्याची जहाजांच्या अभ्यासातली रीत इथे अशी उपयोगी पडते.

प्रत्येक वस्तूला तीन खास अक्ष कसे?

आतापर्यंतची सगळी उदाहरणे स्थिर अक्षाची आहेत. हवेत भिरकावलेल्या वस्तूला मात्र अक्ष धरून ठेवणारे कुणी नसते. १७५५ मध्ये योहान आंद्रेआस सेग्नर यांनी भोवऱ्यांचा अभ्यास करताना दाखवले, की कोणत्याही आकाराच्या घन वस्तूला एकमेकांशी काटकोनात असलेले तीन अक्ष असतात, ज्यांभोवती ती न डगमगता फिरू शकते. ऑयलर यांनी याचे श्रेय सेग्नर यांना दिले आणि त्याच पायावर आपली समीकरणे उभी केली. ती आज ऑयलरची समीकरणे म्हणून ओळखली जातात.

ती काय सांगतात, हे रबरबँडने घट्ट बांधलेल्या जाड डायरीवर दिसते. मोबाइलचा आकारही तसाच असतो, पण प्रयोग डायरीवरच केलेला बरा. डायरी तिच्या लांबीच्या अक्षाभोवती किंवा तबकडीसारखी सपाट फिरवून उडवली तर नीट फिरते. पण पोळी उलटवावी तशी वरचे टोक खाली आणत उडवली, तर ती हवेत मध्येच कूस बदलते. या तिसऱ्या अक्षाचे जडत्व आघूर्ण इतर दोघांच्या मधले असते आणि मधल्या अक्षाभोवतीचे फिरणे अस्थिर असते. ऑयलर यांच्या समीकरणांतून हे स्पष्ट होते.

पृथ्वीबद्दलही त्यांनी एक अंदाज काढला. पृथ्वी पूर्णपणे न वाकणारी असेल, तर तिच्या अक्षात सुमारे १० महिन्यांचे डोलणे असायला हवे. अमेरिकेचे चँडलर यांना १८९१ मध्ये असे डोलणे खरोखर सापडले, पण ते सुमारे १४ महिन्यांचे होते. तफावतीचे मुख्य कारण म्हणजे पृथ्वी थोडी लवचीक आहे. ऑयलर यांनी गृहीत धरलेली कठीण वस्तू आणि खरी पृथ्वी यांच्यातल्या फरकाने पृथ्वीच्या अंतरंगाची माहिती दिली.

डोळे गेल्यावर काम कसे चालले?

बर्लिनमध्ये काम भरभरून झाले, मन मात्र रमले नाही. फ्रेडरिक राजाला हजरजबाबी, फ्रेंच वळणाची माणसे आवडत. साधे, धार्मिक आणि दरबारी बोलण्यात न रमणारे ऑयलर त्याला रुचत नसत. त्यांच्या अधू डोळ्यावरूनही तो टोमणे मारी. राजवाड्याच्या बागेतले कारंजे फसले तेव्हा खापर गणितावर फोडले गेले. पाण्याचा दाब पेलणारे नळ वापरण्याचा ऑयलर यांचा इशारा मात्र मानला गेला नव्हता. अकादमीचे अध्यक्षपद रिकामे झाल्यावर राजाने ते दालांबेर यांना देऊ केले. त्यांनी नकार दिला, तरी ऑयलर यांना ते मिळाले नाही.

१७६५ मध्ये घन वस्तूंच्या गतीवरचा मोठा ग्रंथ आला आणि १७३६ चा शब्द पाळला गेला. पुढच्याच वर्षी सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या बोलावण्यावरून ते सहकुटुंब पीटर्सबर्गला परतले. तिथे डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शहरात लागलेल्या आगीत त्यांचे घर जळाले. बासेलच्याच पेटर ग्रिम नावाच्या कारागिराने त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढले. हस्तलिखितेही बरीचशी वाचली. त्याच वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसले, मग संसर्गाने ती दृष्टीही गेली. दोन वर्षांनी पत्नी वारली.

एवढ्या आघातांनंतर कामाचा वेग वाढला. ऑयलर मनात गणित करायचे आणि मुलगा योहान आल्ब्रेख्त, लेक्सेल, क्राफ्ट, फुस हे सहकारी उतरवून घ्यायचे. बीजगणितावरचे त्यांचे गाजलेले पुस्तक शिंपीकाम शिकलेल्या नोकराला सांगून लिहवून घेतले होते. चंद्राच्या गतीवरचा किचकट ग्रंथ १७७२ मध्ये याच पद्धतीने तयार झाला. एकूण लेखनाचा जवळपास निम्मा भाग या शेवटच्या काळातला आहे.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी सकाळी त्यांनी नातवाला शिकवले. त्या वर्षी फ्रान्समध्ये उडालेल्या बलूनच्या चढण्याचा हिशेब मांडला. जेवणाच्या वेळी लेक्सेल यांच्याशी नुकत्याच सापडलेल्या युरेनसच्या कक्षेबद्दल बोलणे झाले. त्यानंतर मेंदूत रक्तस्राव झाला आणि रात्री त्यांचे निधन झाले. ते ७६ वर्षांचे होते. पीटर्सबर्ग अकादमी त्यांचे उरलेले निबंध पुढे अनेक दशके छापत राहिली. त्यांच्या लेखनाच्या सूचीत ८६६ नोंदी आहेत.

आज याचा उपयोग कुठे होतो?

सर्वात मोठा उपयोग आपल्या घरातल्या विजेत आहे. भारतातील वीज ५० हर्ट्झ वारंवारतेची असते. औष्णिक केंद्रातले मोठे टर्बाइन त्यासाठी साधारणतः मिनिटाला ३,००० फेऱ्या मारतात. अनेक टनांच्या या फिरत्या लोखंडात प्रचंड गतिज ऊर्जा साठलेली असते. एखादे केंद्र अचानक बंद पडले की मागणी आणि पुरवठा यांचा तोल जातो. अशा वेळी बाकीचे टर्बाइन किंचित मंदावतात आणि फिरण्यातली थोडी ऊर्जा जाळ्याला देतात. त्यामुळे पर्यायी व्यवस्था सुरू व्हायला काही सेकंद मिळतात.

सौर पॅनेलमध्ये फिरणारे काही नसते. सौरऊर्जेचा वाटा वाढतो तसा हा फिरता साठा कमी होतो, ही जगभरच्या वीज अभियंत्यांपुढची आजची अडचण आहे. त्यावरचा एक उपाय म्हणजे केवळ फिरत राहण्यासाठी जड चाके बसवणे. आयर्लंडमधील मनीपॉइंट येथे २०२२ मध्ये १३० टनांचे असे फ्लायव्हील सुरू झाले. उपग्रहांना दिशा देण्यासाठीही आत बसवलेली छोटी चाके फिरवली जातात. उपग्रह किती वळेल, हे ऑयलर यांच्याच समीकरणांनी काढतात.

चाक किती जड असावे, त्याचे वस्तुमान कडेला किती न्यावे आणि ते किती वेगाने फिरवावे, हे अभियंत्याला आधी कागदावर ठरवावे लागते. त्यासाठी त्याला लागते ती वस्तुमान आणि अंतराचा वर्ग यांची तीच बेरीज.